व्याह्यांचे बारा व्होल्ट

साऱ्या डहाणू तालुक्यात, आणि हवं तर तलासरीही धरा, आमच्या व्याह्यांइतका उतारावर जीव असलेला माणूस दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. लोक जमीन घेताना पाणी बघतात, रस्ता बघतात, शेजार बघतात. आमचे व्याही उतार बघतात. रानशेतच्या पलीकडे टेकाडावर त्यांचं घर आहे. पावसाळ्यात तिथे चढून जाताना माझी फेफे उडते, पण खाली रस्त्यालगत घर बांधा म्हटलं की ते असे काही बघतात, जणू मी त्यांना घर नव्हे, बायको बदलायला सांगतोय. त्यांच्या डोक्यातल्या नकाशात नद्या नाहीत, बाजार नाहीत, फक्त दोन प्रकारची गावं आहेत, उताराची आणि सपाटीची. सायवन उत्तम. विवळवेढ्याला जत्रेत गाडी लावायची त्यांची एक ठरलेली जागा आहे, तिचं वर्णन ते देवीच्या आधी करतात. डहाणू गाव बेकार. आणि किनाऱ्याचा पट्टा तर नुसता ताटासारखा, तिथे माणसाने राहावं तरी कसं! कुणा नातेवाइकाची चौकशी केली तर म्हणणार, “माणसं लाख चांगली हो, पण सपाटीवर राहतात.”

या सगळ्याच्या मुळाशी त्यांचा ट्रॅक्टर. त्यांच्या वडिलांनी कुणा बागायतदाराकडून जुनाच घेतलेला, विलायती, पेट्रोलवर चालणारा. त्याला सहा व्होल्टची बॅटरी आणि ती भरायला एक डायनॅमो. हा डायनॅमो व्याह्यांच्या तरुणपणीच थकला होता. दिवे लावले तर देवापुढच्या समईएवढा उजेड पडायचा, आणि सेल्फचं बटण दाबलं की इंजिन एकदा कण्हायचं आणि गप्प व्हायचं. पूर्वी पुढून हँडल मारूनही तो चालू करता यायचा, पण त्या हँडलने उलटा झटका देऊन एकदा त्यांच्या वडिलांचं मनगट मोडलं. वडिलांनी दुसऱ्या हाताने ते हँडल उचललं आणि विहिरीत टाकलं. मग राहिला एकच मार्ग: ट्रॅक्टर उतारावर उभा करायचा, चाकाला दगड लावायचा, निघायच्या वेळी दगड काढून सोडून द्यायचा, आणि वेग आला की गिअर टाकायचा. धडधडत चालू! सपाटीवर मात्र तो एकदा बंद पडला की चार गडी लागायचे ढकलायला. म्हणून सपाटीवर व्याही इंजिन बंदच करत नसत. डहाणूच्या बाजारात दोन किलो कांदे घेईपर्यंत ट्रॅक्टर रस्त्यात भडभडत उभा, आणि पेट्रोलच्या नावाने आमच्या विहीणबाई कपाळाला हात लावून वर बसलेल्या, हे दृश्य मी स्वतः पाहिलंय.

माझी मुलगी त्यांच्या घरी दिली तीही या उताराच्या पुण्याईने. खरं तर मुलामुलीने आपसांत सगळं ठरवलेलंच होतं, आम्ही बाप फक्त मान डोलवायला. व्याही डहाणूला आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा पोहे गार झाले तरी माणूस वर येईना. गॅलरीतून वाकून बघतो तर खाली पार्किंगकडे जाणाऱ्या उतारावर यांनी ट्रॅक्टर आडवा घातलेला, आत अडकलेले पाच स्कूटरवाले बोंबलतायत, आणि हे शांतपणे चाकाखाली दगड बसवतायत. वर आल्यावर मुलीकडे पाहिलंही नाही. घाम पुसत म्हणाले, “इमारत चांगली आहे. उतार छान काढलाय.” मी भूमापन खात्यात नोकरी केली असं सांगितल्यावर हातातली बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, “म्हणजे तुम्हाला उतार मोजता येतो?” मी म्हटलं, आयुष्यभर तेच केलं. “मग लग्न ठरलं समजा,” म्हणाले. हॉल बघतानाही तीच तऱ्हा. जेवण काय, खोल्या किती, काही नाही. हॉलसमोर उतार आहे का? शेवटी महामार्गाजवळ एक हॉल मिळाला, त्यातले निम्मे पंखे बंद होते. माझे पाहुणे घामाने निथळत होते आणि मुलाचे वडील दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “काय जागा मिळालीय बघा!”

हसायला ठीक आहे. पण या उताराला दुसरी बाजू होती, आणि ती विहीणबाईंच्या वाट्याला आली होती. त्यांचं माहेर बोर्डीचं, चिकूच्या वाडीतलं. म्हणजे सपाटी. अडतीस वर्षांपूर्वी व्याही याच ट्रॅक्टरवर बसून नवरदेव म्हणून तिथे गेले, अंगणात ट्रॅक्टर उभा केला, आणि बॅण्डवाल्यांना मंगलाष्टकं ऐकू येईनात म्हणून कुणीतरी इंजिन बंद केलं. झालं! वरात निघायच्या वेळी तो काही हलेना. सगळे वऱ्हाडी शेले खोचून ढकलायला लागले. पुढे नवरीचे थोरले भाऊ, दादा, नव्या कोऱ्या धोतरात. ट्रॅक्टर एकदम चालू झाला, दादांच्या हातातून सुटला, आणि दादा पालथे पडले ते थेट वाडीच्या पाटात, चिखलात. मांडवभर हशा. दादा उठले, तोंडावरचा चिखल पुसला, आणि म्हणाले, “पाहुणे, हे धूड स्वतःहून चालू व्हायला लागेल ना, तेव्हाच माझ्या दारात आणा!” नवरदेव तेवीस वर्षांचा, सगळ्यांसमोर असं ऐकून घेईल थोडाच? गाडीवरून म्हणाले, “दिला शब्द. तोवर मीही तुमच्या दारात पाय ठेवायचा नाही.”

आणि पाळला हो त्यांनी तो शब्द! अडतीस वर्षं. दर भाऊबिजेला विहीणबाई एकट्या एसटीने बोर्डीला जायच्या आणि एकट्या परत यायच्या. सगळ्या बहिणींचे नवरे शेजारी बसलेले, हिच्या शेजारची जागा मोकळी. परत आल्या की व्याही अंगणात काहीतरी दुरुस्त करत असायचे आणि मान वर न करता विचारायचे, “चिकूला बहर कसाय?” त्या म्हणायच्या, बरा आहे. “दादांची तब्येत?” बरी आहे. मग बराच वेळ पाना फिरवून शेवटी, “काही म्हणाले?” त्या म्हणायच्या, “नाही, काही नाही.” माझी मुलगी त्या घरात गेल्यापासून हे संभाषण तिनेही ऐकलंय आणि मीही दोनदा ऐकलंय. व्याह्यांचा चेहरा तेव्हा बघवायचा नाही. दादांनी एक शब्द टाकावा, या म्हणावं, एवढ्याचीच ते वाट बघत होते. पण स्वतःहून विचारायचं, छे! ते आमच्या व्याह्यांच्या रक्तात नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंच होतं तर ट्रॅक्टर नीट का नाही करून घेतला? अहो, तिथेच तर मेख! डायनॅमो त्यांनी वापीपासून पालघरपर्यंत किती जणांकडे नेला असेल, पण कुणी म्हटलं की काका, हे सहा व्होल्टचं झेंगट काढून टाका, बारा व्होल्टचा अल्टरनेटर बसवा, की व्याही डायनॅमो काखेत मारून घरी परत. वडिलांनी घेतला तसाच्या तसा तो चालू झाला पाहिजे, हा हट्ट. वर मलाच विचारायचे, “सहाची सवय असलेल्या जिवाला बारा पाजायचे? उद्यापासून तुम्हाला दुप्पट भात वाढला तर चालेल?” शिवाय त्या ट्रॅक्टरची आणखी एक खोड होती, तिचा त्यांना फार अभिमान. सगळ्या जगाच्या गाड्यांत बॅटरीची वजा बाजू लोखंडी अंगाला जोडलेली असते. यांच्या ट्रॅक्टरला अधिक बाजू. “आमचं उलटं आहे,” असं ते अशा थाटात सांगायचे की ऐकणाऱ्याला आपल्या सुलट्या गाडीची लाज वाटावी.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास बोर्डीहून निरोप आला. दादांनी अंथरूण धरलं होतं, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. आणि निरोपात पहिल्यांदाच एक वाक्य जास्तीचं होतं: पाहुण्यांना एकदा बघायचंय. विहीणबाईंनी ते नवऱ्याला सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. व्याही उठले, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, आणि मला म्हणाले, “व्याही, तलासरीला जायचंय. बारा व्होल्ट.”  मी म्हटलं, अहो, माझ्या स्कूटरवर बसा, तासा-दीड तासात बोर्डी! तर म्हणतात, “शब्द दिलाय.” मी संतापलो. “शब्द तुम्ही दिलात आणि अडतीस वर्षं दंड विहीणबाई भरतायत!” व्याह्यांनी टोपी घातली आणि स्कूटरवर मागे बसले, तलासरीसाठी.

तलासरीला महामार्गालगत एक वायरिंगवाला आहे, अर्धा गुजराती, अर्धा मराठी, आणि पूर्ण बोलका. तो दुसऱ्या दिवशी भंगारातल्या एका मोटारीचा अल्टरनेटर घेऊन टेकाडावर चढून आला. डायनॅमो सोडवला तेव्हा व्याह्यांनी तो धुऊन, पुसून, पंच्यात गुंडाळून आत नेऊन ठेवला. मग पट्टी कापून नवा आधार वेल्ड केला, पट्टा सरळ रेषेत येईना म्हणून पुली दोनदा काढली, जुन्या सुतळी-कापडाच्या वायरी ओढून काढल्या, कॉइल बदललं, बल्ब बदलले. सेल्फ तोच ठेवला, फक्त वायरिंगवाल्याने बजावलं की बटण दोन सेकंदांच्या वर दाबायचं नाही, नाहीतर बारा व्होल्टने जळेल. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी बॅटरी जोडायची राहिली तेव्हा व्याही म्हणाले, ती मी स्वतः जोडणार, उद्या सकाळी, नारळ फोडून. वायरिंगवाल्याने जाता जाता बोट नाचवून सांगितलं, “काका, हवे ऊंधुं नथी चालवानुं हां, आता उलटं नाही चालणार! मायनस बॉडीला. भुललात तर अल्टरनेटर गयो समजा.” व्याही म्हणाले, मला शिकवतोस का?

सकाळी विहीणबाईंनी ट्रॅक्टरला कुंकू लावलं. नारळ फुटला. व्याह्यांनी पाना हातात घेतला, डोळे मिटून वडिलांचं नाव घेतलं, आणि ज्या हाताने अडतीस वर्षं बॅटरी जोडली त्याच हाताने, त्याच पद्धतीने, अधिक बाजू ट्रॅक्टरच्या अंगाला घट्ट आवळली. मी शेजारीच होतो, पण मला अधिक-वजा कळतं ते जमिनीच्या उंचीपुरतं. दुसरी वायर टेकवताच ठिणग्या उडाल्या, धूर निघाला, आणि जळक्या वासाने नारळाचा वास पार घालवला. व्याही आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. “हाताला कुणी सांगितलंच नव्हतं हो,” एवढंच म्हणाले.

पुन्हा तलासरी. अल्टरनेटर मांडीवर घेऊन माझ्यामागे बसलेला तो माणूस मी विसरणार नाही. आतले डायोड गेले होते, नवे वापीहून यायचे होते, तीन दिवस. त्या तीन दिवसांत बोर्डीहून दोनदा फोन आला. पहिल्यांदा, दादा जेवत नाहीत. दुसऱ्यांदा, दादा विचारतायत, पाहुणे निघाले का. व्याही बायकोला म्हणाले, तू पुढे हो, मी मागून येतो. विहीणबाई तशा मऊ बाई, मी त्यांचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. “नाही जाणार! अडतीस वर्षं एकटी गेले. आताही एकटी गेले तर तुम्ही पुन्हा कुणाकडे येणार? माझा भाऊ जाईल आणि तुम्ही इथे तारा जोडत बसाल!” बोलता बोलता त्या रडायला लागल्या.  मला वाटलं, आता तरी व्याही स्कूटरवर बसतील. पण नाही हो! त्यांनी वायरिंगवाल्याला फोन लावला आणि हात जोडून, खरोखर एक हात छातीशी धरून, फोनवर म्हणाले, “भाई, लवकर कर रे. माझा माणूस जातोय.”

वायरिंगवाला त्याच दुपारी आला. या वेळी बॅटरी त्यानेच जोडली, आणि व्याही दोन्ही हात पाठीमागे बांधून लांब उभे राहिले. बटण दाबलं. इंजिन कण्हलं नाही, खोकलं नाही, पहिल्याच झटक्याला असं गरजलं की झाडावरचे कावळे उडाले. व्याह्यांनी ते बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद. मग आत जाऊन धुतलेला सदरा घालून आले.

निघालो. व्याही ट्रॅक्टरवर, विहीणबाई चाकाच्या मडगार्डवर बांधलेल्या गादीवर, आणि मागे स्कूटरवर मी. रानशेतचे उतार आले आणि गेले, व्याह्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डहाणूत भर बाजारात, अगदी सपाट रस्त्यावर, त्यांनी ट्रॅक्टर थांबवला आणि इंजिन बंद केलं. मागे रिक्षावाले हॉर्न मारायला लागले. व्याह्यांनी चारी बाजूंना बघितलं, बटण दाबलं, आणि ट्रॅक्टर निघाला. पुढच्या चौकात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी विहीणबाई म्हणाल्या, “पुरे आता. दादा वाट बघतोय.” मग मात्र त्यांनी कुठे थांबवला नाही.

बोर्डीच्या वाडीत पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. दादांची खाट ओटीवर, दाराशी आणून ठेवलेली होती. हाडं आणि डोळे एवढेच शिल्लक होते. व्याह्यांनी ट्रॅक्टर अंगणाच्या मधोमध उभा केला, बंद केला, दादांकडे बघत पुन्हा चालू केला आणि पुन्हा बंद केला. मग उतरून, टोपी नीट करून, ओटीच्या पायरीपाशी उभे राहिले आणि शाळेत कविता म्हणतात तसं घडाघडा म्हणाले, “दादा, तुम्ही म्हणाला होतात, स्वतःहून चालू होईल तेव्हाच दारात आणा. आज आणलाय.”

 दादा बहिणीकडे वळले. “मी? मी असं म्हणालो होतो? कधी गं?”

 मीच पुढे होऊन सांगितलं, लग्नाच्या दिवशी, चिखलात पडलात तेव्हा. दादांना चिखल आठवला, हसू आलं, हसताना खोकला आला. “पडलो होतो खरा. पण अहो पाहुणे, लग्नात माणूस काय वाट्टेल ते बोलतो! ही दर वर्षी सांगायची, कामात आहेत. मला वाटायचं, तुम्हाला आमचा खारा वारा मानवत नाही.” थोडा दम घेऊन ते म्हणाले, “मी तर दर भाऊबिजेला तुमचा पाट मांडायचो.”

व्याह्यांनी विचारलं, “कुठे?”

दादांनी ओटीच्या आतल्या भिंतीकडे हात केला. व्याही वर चढले, त्या भिंतीशी गेले, आणि पाट नव्हता तिथे, नुसत्या जमिनीवर मांडी घालून बसले. जेवायची वेळ नव्हती. तरी विहीणबाई आत गेल्या आणि जे होतं ते, डाळ-भात, वाढून घेऊन आल्या. व्याह्यांनी मान खाली घालून सगळा भात संपवला. दादा खाटेवरून टक लावून बघत होते, मध्येच आपल्या सुनेला म्हणाले, “अजून वाढ त्यांना.”

मी संध्याकाळी घरी परतलो. व्याही परतले नाहीत. दादा म्हणाले होते, आता आलाच आहात तर भाऊबीज करूनच जा, आणि भाऊबीज पंधरवड्यावर आली होती. रोज सकाळी ते दादांची दाढी करायचे, दुपारी पेपर वाचून दाखवायचे. दोघे काय बोलायचे कोण जाणे, पण तिकडे जाऊन आलेली माझी मुलगी सांगत होती, आत गेलं की हसणं ऐकू यायचं. दादा भाऊबिजेच्या चार दिवस आधी गेले.

मी गेलो तेव्हा व्याही ओटीच्या पायरीवर बसले होते. मी शेजारी बसलो.  ते म्हणाले, “व्याही, एक तरी भाऊबीज मिळायला हवी होती हो.”